वायर कापायची नाही

गुरुवार, ७ मार्च
आज घाबरून अर्धी झाले. दवाखान्यातून येताना हे मागच्या सीटवर आडवे, गाडी मी चालवतेय. आडवा माणूस आरशात दिसतच नाही! "बरे आहात ना?" — उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. नाही. पुलावर थांबायला जागा नव्हती. पूल उतरून मागचं दार उघडलं तर ऑक्सिजनची नळी नाकातून निसटलेली, ओठ निळे पडलेले. नळी लावली. जरा वेळाने डोळे उघडून विचारतात — "गाडी नीट बाजूला घेतलीस ना? घासली नाही ना कुठे?"

शुक्रवार, ८ मार्च
धाकट्या बहिणीने सुचवलं — मागे कॅमेरा बसव, पुढच्या स्क्रीनवर दिसतील. फिटरकडे दोघं गेलो. गाडीला कुणी हात लावणार आणि हे घरी बसणार? शक्यच नाही!
फिटर म्हणाला, "काकू, तासाभराचं काम. स्क्रीनमागची वायर कापायची, आपली जोडायची."
हे ताठ बसले. "कापायची? आणि वॉरंटी?"
"ते आहे, काका. उद्या विजेचं काही बिघडलं तर कंपनी हात वर करते. नाहीतर या मॉडेलचा कपलर मागवतो. मधे नुसता खोचायचा, कापाकापी नाही. पण यायला वेळ लागेल."
कॅमेऱ्याला वीज मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवरून द्या की, मी म्हटलं. तिथे तर ह्यांचं ऑक्सिजनचं यंत्र लागतं! मीच विसरले.
"कपलर मागवा," हे म्हणाले. विषय संपला.
जन्मभर विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले ह्यांनी. कंपनी कुठल्या फटीतून निसटते ते तोंडपाठ. "मीच निसटवायचो तिला!" असं हसत सांगतात आणि मग खोकत राहतात.

बुधवार, १३ मार्च
कपलर नाही.

गुरुवार, १४ मार्च
दर सिग्नलला मान वळवून बघते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत!
डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. औषध लागू पडत नाहीये. फार तर काही महिने. ह्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाले.
बाहेर आले. "काय म्हणाले गं?"
"वजन वाढवा म्हणाले."
मला धड खोटंही बोलता येत नाही. पर्समध्ये किल्ली शोधत बसले. किल्ली हातातच होती.

शनिवार, १६ मार्च
धाकटी भडकली. "कापून टाक ती वायर! माणूस मोठा की वॉरंटी?"
मलाही तेच वाटत होतं. सकाळी ह्यांना म्हटलं, "कापूया का?"
"वेडी का खुळी तू? अजून तीन वर्षं आहेत वॉरंटीची. हातची घालवायची?"
तीन वर्षं! हे खरंच तीन वर्षं धरून चाललेत. आता "कापा" कुठल्या तोंडाने म्हणू? हट्टाने म्हटलं की ह्यांना कळलंच सगळं.
धाकटीला सांगितलं, थांबू कपलरसाठी. तिने फोन आपटला.

गुरुवार, २१ मार्च
नळी पुन्हा निसटली. घरापाशी आल्यावर कळलं. गाडीच्या दारात उभी राहून रडले, लोक बघत होते तरी. हे धापा टाकत म्हणतात, "अगं, खोकत होतो ना! खोकतो तो जिवंत असतो." ह्यांना विनोद सुचतो. मला गाडीचं दार लावता येईना; तीनदा आपटलं, तरी उघडंच. हे माझ्या हातांकडे बघत राहिले.

शुक्रवार, २२ मार्च
कपलर आला — दुसऱ्याच मॉडेलचा! फिटरवर फोनवर नको तितकी ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? परत पाठवणार, पुन्हा मागवणार. हे पलीकडच्या खोलीतून ऐकत होते.

शनिवार, २३ मार्च
मी कपडे वाळत घालत होते. ह्यांनी स्वतःच फिटरला फोन लावला. धाप लागत होती, तरी एकेक शब्द स्पष्ट.
"कपलर राहू द्या. आजच या. वायर कापा."