रविवारी आडवी बाटली

प्रिय पारी,

सकाळपासून तीन वेळा पेन उचललं आणि खाली ठेवलं. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन घरी गेली, पातेलं घासून झालं, मतदार यादीही पुन्हा एकदा मोजून झाली. आता हाताला काही काम उरलं नाही, म्हणून बसलेय. फोनवर तुझ्यामागे वीटभट्टीवरचा ट्रॅक्टर धडधडत असतो आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नाही. चिठ्ठी रोशनच्या हाती देतेय, तो उद्या रामवाडीला, तुमच्या भट्टीवर, टेम्पो घेऊन येणार आहे. सातवीपर्यंत एका बाकावर बसून तुझं अक्षर मोत्यासारखं आणि माझं गिचमिड. तेव्हा तू ते वाचून घ्यायचीस, आताही वाच.

आधी गावची बातमी. रविवारी शाळेत मतदान आहे, फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतील. उभी बाटली म्हणजे देशी दारूचं दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. यादीत आपण चारशे बारा जणी आहोत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान हलणार. नुसत्या आलेल्यांतल्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या. म्हणजे जी भट्टीवर आहे, जी माहेरी आहे, जिला नवऱ्याने कोंडून ठेवलं, ती न येताच उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. हा कायदा ज्याने केला त्याला बायका कधी मोकळ्या असतात हे विचारायला हवं होतं. दोनशे सात हव्यात. घरोघर फिरून माझ्या हिशेबाने एकशे चौऱ्याण्णव होतात. तुम्ही भट्टीवरच्या अठरा जणी आलात तर निभावतं. नाहीतर नाही.

भरतचं तुला माहीत आहे, पण सगळं नाही. मागच्या आठवड्यात कंपनीच्या गेटवरूनच त्याला परत पाठवलं, तोंडाला वास येत होता. आणखी एकदा असं झालं तर कामावरून काढतील. घरी येऊन नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला. तो वाईट नाही गं. शिफ्टवरून सुटला की स्टेशनच्या वाटेवर ते दुकान आडवं येतं आणि त्याचे पाय तिकडे वळतात. दुकानाला लायसन, त्यामुळे त्याचं पिणं कायदेशीर. गावातली माणसं पितात तेव्हा थकवा घालवायला पितात आणि तुमच्या वाडीतली पितात तेव्हा ती बेवडी. ही भाषा मीही वापरलेली आहे. लग्नानंतर नव्हे, त्याच्याही आधी, तुझ्या शेजारी बसत होते तेव्हा.

तुझ्या आईला, हौसाकाकूंना, पाच दिवसांपूर्वी भेटून आले. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे, रोह्याला. काकू बऱ्या आहेत, पण जेवत नाहीत धड. तुझ्या बाबांच्या दिवसाला पितरांच्या नावाने जमिनीवर शिंपडायला मोहाची दोन बाटल्या दारू काढली, तेवढ्यासाठी साठीच्या बाईला जीपमध्ये घालून नेलं, संध्याकाळपर्यंत चौकीत बसवलं, मडकं दारातच फोडलं. मी गेले तर त्यांनी मला कोरा चहा दिला. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुजा काका कोरड्याच घशानं गेला गो." मी कप तसाच ठेवून उठले.

हे दुकानदाराच्या माणसांनी केलं, असं तू म्हणालीस. वाडीही तेच म्हणते. त्या रागाने तू अठरा जणी गोळा केल्यास, त्या दिवसाची मजुरी सोडायला तयार केल्यास, आणि फोनवर मला म्हणालीस की दुकानाला कुलूप लागेल तेव्हा आई जेवेल. मी बरं म्हणाले. पारी, मी नुसतं बरं म्हणाले.

ग्रामसभेत दुकानाच्या बाजूची माणसं उठली होती. आधी वाडीतल्या हातभट्ट्या बंद करा, मग आमच्या दुकानाचं बोला, म्हणाली. चौकीचे साहेब आले होते, त्यांनी मला कागद दिला, गाळणाऱ्यांची नावं लिहा म्हणाले. भाताच्या गिरणीमागे नवसागर घालून दारू कोण गाळतं, हे तुला, मला, पोरासोरांना ठाऊक आहे. ते नाव लिहायला मी घाबरले. कागद कोरा परत दिला असता तर बायका वाडीला पाठीशी घालतात, असं झालं असतं. आणि काकूंनी मला दोनच दिवस आधी सांगितलं होतं, काकाच्या दिवसाला ये, मोहाची काढलीय. गरीब बाई, म्हातारी, दम देऊन सोडतील, असं वाटलं. मी हौसा बाबाजी असं लिहिलं. खाली सही केली. मला जेवायला बोलावलं म्हणून मला ते ठाऊक होतं, पारी, दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

ही चिठ्ठी मतदान झाल्यावर सोमवारी पाठवली असती तरी चाललं असतं. दुकान बंद झालं असतं, भरतची नोकरी कदाचित वाचली असती, आणि तू माझ्यावर रागावली असतीस ती दुकान बंद झाल्यावर. चार दिवस मी तोच विचार करत होते, आणि चारही दिवस काकूंच्या दारावरून जायचं टाळून लांबच्या वाटेने गेले. खोट्या रागावर तुझं मत मला नको. तारखेला मी रोह्याला येऊन साहेबांपुढे गिरणीमागचं नाव सांगणार आहे, पण ते माझं मी बघेन. तू एवढंच कर. ही चिठ्ठी अठराही जणींना मोठ्याने वाचून दाखव, माझं नाव न गाळता. रोशनचा टेम्पो रविवारी सकाळी सातला भट्टीवर उभा राहील. त्यात कुणी बसायचं, ते ऐकून झाल्यावर ठरवा. रिकामा आला तरी मी त्याला काही विचारणार नाही.

तुझीच म्हणण्याचा हक्क उरला असेल तर तुझीच,
वैशाली