पुतळ्याखालचा मजकूर

मी, वीणा सतीश पाटणकर, वय शहात्तर, मूळ राहणार मौजे करंजफाटा, सध्या मुक्काम माझी मुलगी डॉ. रेवती हिच्या घरी, नास, काउंटी किल्डेअर, आयर्लंड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. रक्तदाब रेवतीने सकाळीच तपासला. डोकं ठिकाणावर आहे. ते तसं नव्हतं असं उद्या कोणी म्हणू लागलं तर तो बहुधा माझा पुतण्या उपेंद्र असेल, म्हणून इथल्या डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझे दागिने, बँकेतली ठेव आणि रेवतीच्या घरात प्रेसमध्ये ठेवलेली माझी भांडी (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मलाही आता तीच सवय झाली आहे) हे सगळं रेवतीचं.

२. मोरपंखी पैठणी माझी जाऊ सुरेखा हिला द्यावी. एका लग्नासाठी म्हणून तिने ती मागून नेली आणि पदरावर बासुंदी सांडून परत दिली. डाग गेला नाही. तिचा डाग तिच्याकडेच बरा.

३. माझे यजमान कै. सतीश पाटणकर, पोलीस निरीक्षक, यांचं शौर्यपदक नात रेवा हिला. ते सध्या उपेंद्रकडे आहे. फ्लेक्ससाठी फोटो काढायला म्हणून त्याने नेलं, ते परत यायचं नाव नाही. मी गेल्याचं कळताच त्याने ते आणून द्यावं. ह्यांचं रिव्हॉल्व्हर घरात आहे असं तो गावभर सांगतो, तेही थांबवावं. निवृत्तीच्या दिवशीच ते सरकारजमा झालं.

रेवाने मागे शाळेसाठी 'माझा हीरो' म्हणून आजोबांचा फोटो मोठ्या कागदावर चिकटवला. मला विचारलं, "आजी, वॉज ही लाइक अ शेरीफ? डिड ही शूट बॅड गाइज?" मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. पोरीला अर्धंच उत्तर मिळालं. उरलेलं इथे लिहिते.

पदक मिळालं ते आठवडी बाजारातल्या चकमकीबद्दल. दरोडेखोरांनी सराफाचं दुकान लुटलं आणि पळताना गर्दीत गोळीबार केला. ह्यांनी एका म्हातारीला खाली पाडून तिच्यावर स्वतः पडून गोळी खांद्यात घेतली आणि तशाच हाताने नेम धरून एकाला मारलं. अख्ख्या बाजाराने पाहिलं. ते पदक खरं आहे, रेवा. ते मिरव. पण ते त्या एका दिवसाचं आहे, पुढच्या सगळ्यांचं नाही.

४. करंजफाट्याचं घर, अंगणासह. हे मी उपेंद्रला देते. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा त्यानेच घातल्या. रेवती इथे, मी एकटी. उपेंद्र नसता तर माझं काही खरं नव्हतं. कितीही फुशारक्या मारत असला तरी पोरगा माणसाला धरून आहे, आणि ते मी विसरणार नाही.

पण त्याला नगरपंचायतीला उभं राहायचं आहे, आणि त्यासाठी आमच्या अंगणाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात काकाचा पुतळा हवा आहे. मूर्तिकाराकडच्या नमुन्याचा फोटो त्याने मला पाठवला. एवढ्या मिशा ह्यांना जन्मात कधी नव्हत्या. हातात पिस्तूल. खाली लिहिलेलं, 'गुंडांचा कर्दनकाळ'.

रस्त्याच्या पलीकडे घाडग्यांचं घर. त्यांचा मोरेश्वर ह्यांच्या हातून मेला. दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला त्यांच्या दारात फ्लेक्स लागतो, 'गोरगरिबांचा कैवारी', आणि ह्यांच्या पुण्यतिथीला आमच्या दारात, 'कर्तव्यदक्ष'. दोन्ही फ्लेक्स बसस्टँडसमोरचा एकच माणूस छापतो. कोपऱ्यातला सिंहसुद्धा तोच. दोन्हींवर जे लिहिलेलं असतं त्यावर माझा विश्वास नाही, कारण मोरेश्वर शेवटचं जेवला ते माझ्या हातचं.

त्या वेळी ठाण्यातल्या कोठडीला जेवण पुरवणारा ठेकेदार आठवड्यातून दोनदा दांडी मारायचा. मग साहेबाच्या घरून डबा जायचा, म्हणजे माझ्या चुलीवरून. त्या संध्याकाळी हवालदार रवींद्र डबा न्यायला आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

"वहिनी, मोऱ्या म्हणतोय, ठेचा आणखी मिळंल का?"

"मिळेल की. सापडला का तो?"

"दुपारीच आणला. साहेबांनी शाळेमागनं उचलला."

मी ठेचा दिला, वर एक भाकरी दिली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की फरार गुंड मोरेश्वर घाडगे पहाटे खाणीत लपलेला आढळला, त्याने पोलिसांवर गोळ्या झाडल्या आणि चकमकीत मारला गेला. ह्यांना चहा देताना मी विचारलं, "हा रात्री आपल्या कोठडीत जेवला ना?"

"वीणा, तू तुझा स्वयंपाक बघ."

"तेच बघतेय, म्हणून विचारतेय."

पुढे चौकशी झाली. साहेब लोकांचा चहा आमच्याच घरून गेला. कोठडीतल्या भाकऱ्या कुणी थापल्या हे कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायला मीही गेले नाही. रेवती तेव्हा चौथीत होती.

मोरेश्वर काही संत नव्हता. ट्रकवाल्यांकडून हप्ते घ्यायचा, आणि एकाने दिला नाही म्हणून त्याचा हात मोडला होता. त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. ती कोर्टाने द्यायची होती.

५. आता हे सगळं आत्ताच का, असं रेवती विचारते. शेजारच्या नुआलाबाईंमुळे. त्यांच्या माहेरी चौरस्त्यावर एक दगड आहे, त्यांच्या चुलत आजोबांच्या नावाचा. इंग्रजांच्या काळात त्यांनी एका पोलिसाला गोळी घातली. दरवर्षी तिथे बँड वाजतो, फुलं वाहतात, भाषणं होतात. गेल्या वर्षी नुआला मला घेऊन गेल्या. समारंभ संपल्यावर त्या गाडी काढून चर्चमागच्या दफनभूमीत गेल्या आणि गवतातल्या एका साध्या थडग्यावर जॅमच्या बरणीत चार फुलं ठेवली. तिथे तो पोलीस आहे. तोही आयरिशच, शेतकऱ्याचा मुलगा. चौरस्त्यावरच्या दगडावर त्याचं नावसुद्धा नाही.

"युवर मॅन ऑन द स्टोन इज ग्रँड, वीणा," त्या म्हणाल्या. "धिस पोर लॅड हॅज ओन्ली मी."

दगडावरच्याला काही कमी नाही, ह्या बिचाऱ्याला मात्र मी एकटीच. त्यांना मुलंबाळं नाहीत. त्यांच्यानंतर ती बरणी कोण ठेवणार? मी तिथेच ठरवलं की माझ्या अंगणात असला अर्धा दगड लागू द्यायचा नाही.

६. म्हणून अट. पुतळा उभारायचा की नाही हे उपेंद्रने ठरवावं. उभारलाच तर हातात पिस्तूल नको, मिशा होत्या तेवढ्याच, आणि खाली मी देते तो मजकूर, ह्यांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, एकही शब्द न गाळता. वरून तेल, शेंदूर, पाटी किंवा फ्लेक्स लावून तो झाकायचा नाही. अट मोडली तर घर आणि अंगण रेवतीचं, आणि तिने सगळ्यात आधी पुतळा काढावा. उपेंद्रा, तू म्हणशील की काकूने निवडणूक बुडवली. बुडू दे. दोन पिढ्या ह्या रस्त्याच्या दोन बाजूंना एकमेकांच्या लग्नाला गेल्या नाहीत, त्यापुढे तुझी निवडणूक काय?

मोरेश्वरची बहीण वासंती हिला मी फोन करून विचारलं, पुतळ्याखाली त्याचं खरं काय झालं ते लिहू का. ती म्हणाली, "हप्त्याचंही लिहिणार का, काकू?"

"लिहिणार."

"लिहा. आमच्या फ्लेक्सवर काय असतं ते मला ठाऊक आहे. पण माझा भाऊ कसा मेला ते एकदा कुठंतरी लिहिलेलं असू दे."

७. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेवतीने करावी. कच्चा खर्डा मी तिला वाचायला दिला. हॉस्पिटलमधून आली तशीच, कोट न काढता वाचत उभी राहिली.

"आई, बाबा गेलेत. हे मला सांगितलंस, पुरे. दगडावर कशाला?"

"तुला सांगून तू रडशील आणि गप्प बसशील. मीही तेच केलं."

"तुझं प्रेम नव्हतं त्यांच्यावर?"

"होतं. आजही आहे. रोज आठवण येते. म्हणून तर त्यांच्या नावावर खोटं नको."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी खर्डा परत आणून दिला. म्हणाली, "करीन मी. पण खाली तुझं नाव घाल. नाहीतर लोक म्हणतील, दुश्मनांनी लिहिलंय."

तिचं म्हणणं मला पटलं. मजकूर येणेप्रमाणे :

*पोलीस निरीक्षक सतीश पाटणकर. ह्यांनी भर बाजारात स्वतः गोळी खाऊन एका म्हातारीचा जीव वाचवला. ह्यांनीच मोरेश्वर घाडगे, वय तेवीस, याला कोठडीतून बाहेर नेऊन मारलं आणि चकमक झाली असं सांगितलं. मोरेश्वर हप्ते घ्यायचा, त्याने एकाचा हात मोडला, पण मरताना तो सरकारच्या ताब्यात होता. ह्यातलं एकच वाचून हात जोडू नये किंवा थुंकू नये. लिहिणार, वीणा, सतीश यांची पत्नी.*

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून, समजून सही केली आहे.

सही : वीणा सतीश पाटणकर

साक्षीदार (ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार चालत नाही, असं इथल्या वकीलबाईंनी बजावलं, म्हणून ह्या दोघी) :

१. निहारिका देवस्थळी, इंजिनिअर, लिक्सलिप. सही केली. मजकूर वाचला.

२. नुआला ब्रेनन, शेजारी, नास. सही केली. मराठी येत नाही. निहारिकाने दगडावरचा मजकूर इंग्रजीत सांगितला, तो दोनदा ऐकला.

स्थळ : नास, काउंटी किल्डेअर
दिनांक : ९ मार्च २०२५