माझ्या हृदयाचा नकाशा

३ मार्च
हॉस्पिटल. फिनेलचा वास, शेजारच्या खाटेवरचा ढेकर देतो. किळस. डॉक्टरीणबाई म्हणतात, अटॅकमध्ये हृदयाचा एक कोपरा निकामी झालाय. तीस वर्षं लोकांना पोहायला शिकवलेल्या माणसाचं हृदय, म्हणे निकामी. मांडीतून नळी आत नेऊन त्या कोपऱ्याच्या कडेकडेने स्नायू सावरायची इंजेक्शनं देणार. मेलेला भाग एक्स-रेत दिसत नाही, म्हणून आधी एमआरआय काढायचा आणि तो नकाशा चालू एक्स-रेवर बसवायचा. दोन्ही जुळले नाहीत तर सुई पातळ भिंतीतून आरपार. म्हणून हलायचं नाही, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा.
श्वास रोखणं मला शिकवतायत. हसू आलं.

४ मार्च
एमआरआय. थंडगार बोगदा, कानाशी ठणाणा. टेक्निशियन चारदा म्हणाला, "काका, चित्र हललं." मशीन भंगार आहे. पाचव्यांदा एकदाचं जमलं त्यांना.
संकल्प: सिगरेट बंद. उद्यापासून. आज मनस्ताप फार झाला.

६ मार्च
आज सुया. पाठीला बटणं नसलेला झगा, कुणाकुणाच्या अंगाला लागलेला कोण जाणे. पूर्ण भूल नाही, नुसती गुंगी. पडद्यावर माझं करडं हृदय आणि त्यावर नकाशाची रंगीत जाळी. जाळी सरकलेली वाटली. सांगायला नको? मान उचलून सांगितलं. पडून राहा म्हणाले. जरा वेळाने पुन्हा सांगितलं. मग खोकला आला. तो काय माझ्या हातात आहे? नंतर गुंगी वाढवली असावी.
जाग आली तेव्हा मांडीला पट्टी. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. शरीर कमावलेलं असलं की असं होतं.

७ मार्च
डॉक्टरीणबाई पडलेल्या चेहऱ्याने आल्या. "काका, काल काय झालं की..." म्हणाल्या. मी थांबवलं. म्हटलं, सगळं कळलंय, काम छान केलंत. बिचाऱ्या फाइल मिटून उठल्या. नंतर हिला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होत्या. बायकांना बोलायला विषय लागत नाही.

१० मार्च
घरी. हृदयात नवं बळ आल्याचं स्पष्ट जाणवतंय. ही सकाळपासून "अहो, ऐका ना" करत मागे लागलीय. म्हटलं, आजारपणाचे विषय बंद. जेवायला दुधी, बिनमिठाचा. ओला बोळा चावल्यासारखं वाटतं.

१३ मार्च
जिना एका दमात चढलो. मधे दोनदा थांबलो ते भिंतीवरचे पानाचे डाग बघायला. लोकांना लाज नाही.
ही पुन्हा बोलायला आली. टीव्हीचा आवाज वाढवला.
सिगरेट एकच. तीही अर्धी फेकली, म्हणजे धरायची नाही.

१९ मार्च
तलावावर गेलो. ही दारात आडवी उभी राहिली होती, तिला बाजूला सारून. पाण्यावर केस, कुणाची तरी चिकटपट्टी. असल्या घाणीत कोण पोहणार? अर्ध्यातूनच बाहेर आलो. धाप लागली ती क्लोरीनमुळे. लाइफगार्डने काखेत हात घालून ओढून काढलं. आगाऊपणा नुसता. त्याला पोहायला मीच शिकवलंय.
घरी आलो तर ही रडत होती. कारण विचारलं नाही. उगाच वाढतं.

२१ मार्च
तपासणी. माझ्यातला फरक डॉक्टरीणबाईंना सविस्तर सांगितला: भूक, जिना, पोहणं. पोहण्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. या वेळी मला मधे बोलू दिलं नाही.
"काका, सुई आम्ही टोचलीच नाही. तुम्ही हलत होतात. नकाशा जुळेना. नळी तशीच बाहेर काढली."
मी विचारलं, मग अंगात आलेलं बळ कसलं? त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती. म्हणाली, "मी रोज सांगायला येत होते."
पुन्हा एमआरआय, पुन्हा तो झगा. तोवर पाण्यात पाऊल नाही.
परत रिक्षात बसलो. मीच हिला विचारलं, माझ्या ऐकण्यातून अजून काही राहिलंय का.
ही म्हणाली, "घरी चला. बसून सांगते. बरंच आहे."