गिटारीला द्राक्षाचा फवारा

मु. पो. मणेराजुरी, ता. तासगाव

आदरणीय आण्णांना धाकट्या मनूचा सविनय जयभीम.

पत्रास कारण की, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लय बरं झालं. थेंब येळच्या येळी घालत जावा, डोळा चोळू नका. आन् कोयनानगरला घरी परतायची घाई बिलकूल करू नका. पुण्यात लेकाचं घर हाय, सून जीव लावती, ऱ्हावा निवांत महिनाभर. तिकडं घरी समदं जागच्या जागी हाय (जवळजवळ). फोनच करणार होते, पण फोनवर तुमी मधीच वरडता. पत्रावर वरडलं तरी मला ऐकू येत न्हाई. माझी साळा चौथीतच सुटली, तवा काना-मात्रा कमी पडला तर पदरचा घालून वाचा.

आता आमच्या क्रांतीचं सांगते. माझी ही नात मिरजेला तंबोऱ्याच्या कारखान्यात काम शिकली आन् आता आपल्या गोठ्यात गिटारी करती. म्हशी बांधायचो तिथं आता गिटारी टांगल्यात (शेण काढायला लागत न्हाई, पण भुसा तेवढाच निघतो). आधी ती थिनरचं पॉलिश मारायची. त्याचा वास आला की माझा दमा उठायचा. मी खोकले की ती थांबायची, तिनं हात लावला की मी खोकायची. शेवटी एक दिस म्हणली, "आजी, पुण्यात गाळा बघते. तुला तरास नको." आण्णा, माझं तोंड एवढंसं झालं. ही गेल्यावर या घरात मी भांडू कुणाशी? तिचा बाप तर भांडायच्या आधीच कबूल करतो. मग पोरीनंच तोड काढली, पाण्यातलं पॉलिश आणलं. वास न्हाई, खोकला न्हाई. पण ते ब्रशनं मारलं की रेघा उठत्यात. बंदुकीनंच मारायला लागतं (फवाऱ्याच्या बंदुकीनं, दचकू नका). ते जमलं तर पोरगी इथं, न्हाई जमलं तर पुण्याला.

म्हणून बंदूक बघायला आमी दोघी सांगलीला गेलो. (मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आधीच एसटीत जाऊन बसले.) दुकानदार म्हणला, "काय रंगवायचंय? गेट का गाडी?" क्रांती म्हणली, "गिटार." तो माझ्याकडं बघाय लागला. मी म्हणलं, "माझी न्हाई रं बाबा, तिची." त्यानं एक बंदूक दाखवली डबा खाली लटकलेली, एक डबा डोक्यावर घेतलेली, आन् एक स्वतःचाच वारा संगं घिऊन आलेली, तिचा आवाज पिठाच्या गिरणीगत. क्रांती प्रत्येकीच्या नळीत डोकावून बघत होती. पाण्यानं आतनं गंजंल का, भोक बारीक हाय का, वारा किती पिती. एवढं तर मी सोयरीक जुळवताना जावयाला इचारलं नव्हतं. आन् मधी बोलले न्हाई तर मी मनूबाई कसली? म्हणलं, "आवं, पाण्यातलंच औषीद हाय न्हवं? मग आमच्या द्राक्षाच्या पंपाला काय झालंय? जलमभर पाण्यातलंच मारतोय की." अख्खं दुकान हसलं. मला वाटलं, पटलं समद्यांना. क्रांतीला डोक्यावर डबावाली पसंत पडली, पण तिला वारा द्यायला कंप्रेसर पायजे, तो न्हाई आमच्याकडं. आलो हात हलवत माघारी.

दुसऱ्या दिवशी क्रांती तारा आणायला मिरजेला गेली. गोठ्यात एक नवीकोरी गिटार टांगलेली, भाकरीच्या पिठागत पांढरी. म्हणलं, पोरीला सुखाचा धक्का देऊ. पाठीवरचा पंप घेतला, एकदा खळाळला, पॉलिश भरलं आन् झाले सुरू. आता द्राक्षाचा हात तुमाला ठाऊक हाय. पान वरनं खालनं भिजून ठिबकल्याबिगर आपलं मन भरत न्हाई. तशीच मी गिटार वरनं भिजवली, खालनं भिजवली, मधल्या भोकातबी नळी घालून फवारली (कीड आतनंच लागती). लय समाधान वाटलं. पण गेल्या फवारणीचा मोरचूद नळीत राहिला होता, ते ध्यानातच न्हाई. गिटार वाळली तशी हिरवी-निळी झाली, आन् ओघळ असं, जणू नवरीच्या मुंडावळ्या. पॉलिश नळीतच वाळल्यानं पंपबी गेला तो गेलाच.

क्रांती आली. गिटारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् म्हणली, "आजी, हिला आता द्राक्षावरचा डाऊनी रोग येत न्हाई बघ." मग खाली बसून हसाय लागली. मीबी हसले ते खोकला लागंपर्यंत. पण आण्णा, नंतर ती ते हिरवं घासत बसली, ते काय निघंना, आन् सांच्याला जेवताना तिच्या मोबाईलवर पुन्हा पुण्याचं गाळं. तवापासनं मी कानाला खडा लावलाय. कुणाच्या कामात, कुणाच्या वस्तूत हात घालणार न्हाई.

बाकी खुशाली. सुनेला माझा आशीर्वाद सांगा.

तुमची धाकटी बहीण,
मनू

ता. क. तुमचं पंक्चरचं दुकान बंद झाल्यापासनं तो कंप्रेसर मागच्या पत्र्याच्या खोलीत पोत्याखाली पडून हाय. भाच्याच्या लेकीसाठी द्याल का? मोकळ्या मनानं कळवा. न्हाई म्हणला तरी मी रागावणार न्हाई.

ता. क. दुसरा. न्हाई म्हणायला आता उशीर झालाय. वहिनींची ख्यालीखुशाली बघायला मी कोयनानगरला गेले होते, शेजारच्या धुळाचा टेंपो घिऊन (एवढ्या लांब रिकामी कशाला जायचं, आन् रिकामी कशाला यायचं). किल्ली वहिनींनीच दिली, त्यांना बोलू नका. चालतोय का बघावं म्हणून बटण दाबलं, तर पत्रा असा थडथडला की वहिनी "धक्का, धक्का" करत अंगणात, आन् त्यांच्या मागनं अख्खी गल्ली. चुलीवरचं दूध घिऊन एक बाई उभी होती. वहिनी म्हणल्या, "घिऊन जावा वन्सं, धरणाचं भूकंप पुरं हायत आमाला."

ता. क. शेवटचा. क्रांतीनं डोक्यावर डबावाली बंदूक आणली. पहिली गिटार अशी चकचकीत उतरली की तिच्यात मला माझा पडलेला दात दिसला. मोबाईलवरचं गाळं बंद झालं. हिरवी गिटार तिनं मला दिलीया, माझ्या पोथीच्या फळीजवळ टांगलीया. वरडायचं असंल तर डोळा बरा झाल्यावर इथंच येऊन वरडा. कंप्रेसर चालू असला की मला काय बी ऐकू येत न्हाई.