याडीच्या हातची पगडी

मी, पूनमसिंग धनसिंग राठोड, वय ७८, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार खालचा तांडा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ, सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि नाल्याकडचं दोन एकर मुलगा राजकुमार याला. पुण्याहून दर रविवारी फोन करून तो माझं तेच तेच ऐकून घेतो. त्याचे उपकार आहेत.

२. विहिरीकडचं दोन एकर मुलगी पुष्पा हिला. ते तिनंच पिकतं ठेवलं. गेली सहा वर्षं तांड्याचा नायक मी असलो तरी तिथली भांडणंही माझ्या नावानं तीच मिटवते, हे सर्वांना ठाऊक आहे.

३. माझ्या वर्गातली तसबीर शाळेला. तिच्यात मेक्सिकोतल्या प्राचीन माया लोकांचा राजा पाकाल आहे. बाराव्या वर्षी गादीवर बसला, अडुसष्ट वर्षं राज्य केलं. आई त्याला मुकुट देते आहे, हे त्याच्या महालात दगडावर कोरलेलं आहे. पोरं मला पाठीमागं 'पाकाल' म्हणत. मला ते आवडायचं.

४. मीही बारा वर्षांचाच होतो. बाप गेला आणि माझी आई, याडी गंगी, हिनं पेटीतून नायकाची पगडी काढून भर बैठकीत माझ्या डोक्यावर ठेवली. पुढं दहा वर्षं निवाडे तिनं केले, मी फक्त बोललो. तिचं नाव कुठंच नाही. ही माझी चूक आहे, आणि ती मला फार सलते.

नायकी माझी मालमत्ता नव्हे, ती तांड्यानं द्यायची. पगडी मात्र माझी आहे. ती पुष्पाला. राजकुमारला विचारलं, तर म्हणाला, "बापू, तिलेच द्या. तिचीच हाय ते."

५. चुलतभाऊ रूपसिंग साठ वर्षं म्हणत आला, "बाईच्या हातची पगडी, तिले कायची इज्जत?" बैठकीत तो माझ्याकडं पाठ करून बसतो. पण मला साप चावला तेव्हा त्यानंच ट्रॅक्टर काढून यवतमाळ गाठलं. माझी बैलगाडी त्याला देणार होतो, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, आणि मला त्याची सही हवी आहे. त्याचं घर आडवं आलं तर पुष्पाला कोणी नायक मानणार नाही. नसेल करायची तर जागा कोरी राहू द्यावी.

६. नायकाच्या ओट्यावर एक दगड बसवावा. त्यावर 'गंगी' एवढंच कोरावं.

खालचा तांडा, दि. ९ नोव्हेंबर २०२५
(सही) पूनमसिंग धनसिंग राठोड

साक्षीदार:
१. (सही) विमलताई गावंडे, निवृत्त मुख्याध्यापिका, दारव्हा
२. (सही) रूपसिंग राठोड. सारं वाचलं. पगडी पुष्पाले मीच बांधीन. दगडही मीच आणतो.