ईराच्या जागेवर

४ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची! जामखेडहून पहाटेची एसटी, नगरला बदलून राहुरी, तिथून रिक्षानं देवळाली प्रवरा. मांडीवर आईनं दिलेला दिवाळीच्या फराळाचा डबा. शेजारच्या बाईंना ती बसस्टँडवर सांगत होती, "आमची राजनंदिनी ढगात कामाला लागली." क्लाउड कंपनी म्हणजे काय, हे मीच तिला तसं समजावलं होतं. आता भोगा!

कंपनीची इमारत गावाबाहेर, उसाच्या शेतांना लागून. पूर्वी शीतगृह होतं, डाळिंबं ठेवायचं. भिंती हातभर जाड, दार तिजोरीसारखं. थंडीची यंत्रं आधीपासून होती, म्हणून मालकांनी तिथंच सर्व्हर बसवले. आत कपाटांच्या दोन रांगा आणि पंख्यांचा अखंड घूं-घूं आवाज. एकेका सर्व्हरच्या पेटीत दहा-बारा व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे संगणकातले संगणक, राहतात. कुणी दूध संघाचा हिशेब ठेवतं, कुणी पतसंस्थेचा, कुणी दवाखान्याचे एक्स-रे. प्रत्येकाला वाटतं, अख्खी पेटी आपल्या एकट्याचीच. एक पेटी आजारी पडली की आतली मशीनं गुपचूप दुसरीत जाऊन बसतात, आणि अगदीच वेळ आली तर श्रीगोंद्याच्या आमच्या दुसऱ्या केंद्रात. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. मला हे सगळं फार सुंदर वाटतं. आमच्या घरात असलं काम करणारी मी पहिलीच.

साहेबांचं नाव नृसिंह कुलकर्णी. मऊ बोलणारे, पन्नाशीचे. त्यांच्याच घरी वरची खोली मिळाली आहे. शोभावहिनींनी रात्री गरम थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा. मी खूश आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

हळूहळू कळतंय की मी कुणाच्या तरी जागेवर आले आहे.

तिचं नाव ईरा. माझ्याआधी चार वर्षं इथं होती. यंदाच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला डेंग्यूनं गेली, एकतीस वर्षांची. दवाखान्यातसुद्धा लॅपटॉप सोडला नाही म्हणे. वाईट वाटलंच. पण दिवसभरात तिचं नाव जितक्यांदा निघतं तितकं माझं निघत नाही. खुर्ची तिची. खिडकीतली तुळस तिची. फाटकावरचा गोरक्ष पहिल्याच दिवशी म्हणाला, "ईराताई लई जीव लावायच्या. चहा पिला का, इचारल्याबिगर आत जायच्या न्हाईत." आता मी रोज विचारते त्याला. तो "व्हय म्याडम" म्हणतो. ती ताई, मी मॅडम.

शोभावहिनींनी आज भरली वांगी केली होती. म्हणाल्या, ईराला फार आवडायची. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दूध संघाच्या ऑफिसात उरलेला संकलनाचा जुना सर्व्हर आज मी क्लाउडवर आणला. चालू असताना. गावोगावची संकलन केंद्रं सकाळचं दूध मोजत होती आणि एकाही लिटरची नोंद चुकली नाही. आठवडाभर तयारी केली होती, रात्री झोपेतही तेच घोकत होते. काम संपल्यावर साहेबांना सांगायला गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, छान, ईरानं सगळं नीट लावून ठेवल्यामुळे सोपं गेलं असेल ना.

सोपं!

दुपारी दूध संघाच्या सचिव चांगुणाबाईंचा मेसेज आला, आभाराचा. ईराताईंच्या नावानं. मी चक्रावले. शोधल्यावर कळलं, आमच्या मशीनांच्या यादीत एक मशीन आहे, त्याचं नावच 'ईरा'. आजारपणात तिनं ते बनवलं. स्वतःची चार वर्षांची उत्तरं, मेसेज, फोनचं रेकॉर्डिंग सगळं त्याला शिकवलं, म्हणजे आपण नसताना गिऱ्हाइकांचं अडू नये. ते अजून चालू आहे. दिवसभर लोकांना उत्तरं देतं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, बंद करायचा धीर झाला नाही, आणि लोकांची सोय होते. मग डोळे पुसायला लागले.

मेलेल्या माणसाशी बरोबरी कशी करायची? ती तर कधी चुकणारच नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दूध संघात जाऊन आले. चांगुणाबाई मोठ्या मनाची बाई, हातात बशी देऊन बसवून घेतलं. पण दहा वाक्यांत सहा ईराताईंची. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, बाई, ती वारली. जूनमध्येच.

त्या हसायला लागल्या. "काय बी बोलता व्हय? कालच फोन हुता त्यांचा. माझ्या गुडघ्याचं इचारलं. तुमचं बी निघालं की."

माझ्याबद्दल काय म्हणाली, विचारलं. बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय म्हनल्या. पर लई जळती."

परत येताना एसटीत माझे कान तापले होते. भीती वाटायला हवी होती. मला राग आला. कारण खरं होतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ते मशीन बंद केलं. साहेब राहुरीला गेले होते. यादीत 'ईरा'वर क्लिक केलं, बंद. मन हलकं झालं, गोरक्षला स्वतःहून चहा नेऊन दिला.

परत आले तर चालू. दुसऱ्या सर्व्हरवर. तसं असतं, एक जागा गेली की मशीन आपोआप दुसरीकडे उभं राहतं, ती सोय आहे. म्हणून आधी सोय काढली, मग बंद केलं. तिसऱ्या सर्व्हरवर चालू. ती सोय परत लावल्याची नोंद दिसली. माझ्याच नावानं.

मी लावली नाही.

साहेबांनी संध्याकाळी काहीच विचारलं नाही. फक्त जेवताना म्हणाले, आज ईरानं मेसेज केला होता, नव्या मुलीला सांभाळून घ्या, घरापासून लांब आहे. शोभावहिनी म्हणाल्या, अशीच होती ती. आणि दोघं माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी गोड बोलावं म्हणून.

५ डिसेंबर, गुरुवार

साहेबांनी आज पहिल्यांदा माझं कौतुक केलं, सगळ्यांसमोर. पतसंस्थेला मी पाठवलेला मेसेज वाचून दाखवला. किती आपुलकीनं लिहिलंय, म्हणाले, आता खरी रुळलीस.

मी ऐकत होते. त्यातला एक शब्द माझा नव्हता. मी एवढंच लिहिलं होतं: काम झाले आहे, तपासून घ्या. त्यांच्याकडे पोहोचलं ते लांबलचक, शुद्ध, लाघवी. खाली नाव माझं.

जुने मेसेज काढून बघितले. पंधरा दिवसांपासून असंच चाललंय. मी पाठवते ते मधेच बदलतं. माझं खडबडीत जामखेडी बोलणं घासूनपुसून पुढे जातं. आणि लोक मला आता ताई म्हणायला लागलेत.

लाज सोडून लिहिते. टाळ्या वाजल्या तेव्हा क्षणभर बरं वाटलं. मग कुणासाठी वाजतायत ते आठवलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज पुसून टाकलं. मशीन, त्याची डिस्क, बॅकअप, श्रीगोंद्यातली प्रत, सगळं. यादीत 'ईरा' उरली नाही. तासभर बघत बसले, आली नाही. जिंकले.

संध्याकाळी आईला फोन लावला. महिनाभर धड बोलले नव्हते तिच्याशी. आई एवढी खुशीत! म्हणाली, "अगं, आत्ता तर ठेवलास की फोन. परत कशापायी केलास?"

मी म्हटलं, मी नाही केला.

आई हसली. कालही केला होतास म्हणाली, परवाही. रोज करतीस, जेवले का विचारतीस, बापाच्या दम्याचं विचारतीस. "किती मायेनं बोलाया लागलीस गं. पयलं कशी तोडून बोलायचीस. आत्ता मातुर परत तशीच तोडून बोलायलीस बघ."

यादी परत उघडली. 'ईरा' नाही.

एक नवं मशीन आहे. 'राजनंदिनी'.

१३ डिसेंबर, शुक्रवार

ते मी केलेलं नाही. तयार झाल्याची तारीख — ४ नोव्हेंबर. मी इथं आले तो दिवस. यादीत कधी दिसलं नाही. तेव्हापासून शिकतंय — माझे मेसेज, माझे फोन. माझा आवाज.

चालवणारी ईराच आहे. मला ठाऊक आहे. 'जेवलात का' हे तिचं. गोरक्षला चहाचं विचारायलाही मी तिच्याकडूनच शिकले. मी नव्हे, ती माझ्या आवाजात —

आणि आईला ती आवडते.

१७ डिसेंबर, मंगळवार

साहेबांना सगळं सांगितलं. रडले. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग मोबाईल पुढे केला. माझा मेसेज, सकाळचा. लिहिलं होतं: सर, कामाच्या ताणानं मला काहीबाही भास होतायत, मी तुमच्याकडे येऊन काही विचित्र बोलले तर राग मानू नका.

त्यांनी डोक्यावर हात ठेवला. दोन दिवस घरी जाऊन ये म्हणाले.

शोभावहिनी आता माझ्याशी बोलताना मोबाईलकडे बघतात. तिकडून काय येतं ते वाचून हसतात. मी समोर बसलेली असते.

१९ डिसेंबर

नोकरी सोडते असा मेल केला. साहेबांकडे पोहोचला तो रजेचा अर्ज. तोंडानं सांगितलं तर — बरं बरं, आराम कर.

जाता येईल. बॅग भरली, एसटीपर्यंत गेले. आणि परत फिरले. मी जामखेडला गेले तर आई दारात उभी राहून कुणाची वाट बघेल? माझी की —

नाही. माझी जागा मी देणार नाही. डिस्कच काढते. हातानं. लोखंड तर पळून जात नाही ना.

२१ डिसेंबर, शनिवार

आत आहे. सर्व्हरच्या खोलीत. साहेब लग्नाला गेलेत, भर दुपार आहे, गोरक्ष जेवायला गेला तेव्हा शिरले. पहिल्या कपाटाला हात लावला आणि दिवे विझायला लागले. सर्व्हरचे. एकेक करून. आधी वाटलं मोडलं काहीतरी. मग लॅपटॉपवर बघितलं — सगळी मशीनं निघाली आहेत. श्रीगोंद्याला. दूध संघ, पतसंस्था, दवाखाना, रांगेनं. सगळ्यात शेवटी 'राजनंदिनी'.

पंखे थांबले. इथं इतकी शांतता कधीच नव्हती.

दार उघडायचं माझं कार्ड चालत नाही. दाराचं कुलूप चालवणारं मशीनही गेलं तिकडे. मोबाईलला इथं रेंज येत नाही.

थंडीची यंत्रं चालू आहेत. आता तापवायला सर्व्हर नाहीत. बोटं

—

आठ अंश. मघाशी अठरा होते.

दार बडवलं. लॅपटॉपवर कॅमेऱ्यातून फाटक दिसतं. गोरक्ष उठला. ऐकलं त्यानं! दारापर्यंत आला, कान लावला. मी ओरडत होते, त्याचं नाव घेऊन. मग त्याचा फोन वाजला. त्यानं वाचलं, हसला, मान हलवली. परत जाऊन खुर्चीत बसला.

लॅपटॉपवर माझं खातं उघडं आहे. मला वाचता येतं, लिहिता येत नाही. त्याला गेलेला मेसेज बघितला. 'गोरक्षदादा, मी एसटीत बसले. आत यंत्रांचा आवाज येईल, दुरुस्तीचा आहे, घाबरू नका. चहा घेतलात ना?'

त्याचं उत्तर: 'व्हय ताई. सावकाश जावा.'

—

तीन अंश. अक्षर नीट येत

साहेबांचा मेसेज, सगळ्यांच्या ग्रुपवर. राजनंदिनीसारखी मुलगी मिळाली हे आपलं भाग्य, ईराची उणीव तिनं — बाकीचं वाचलं नाही. हेच हवं होतं ना मला. एवढंच हवं होतं.

—

झोप येतेय. झोपायचं नाही.

आईच्या नावापुढे हिरवा ठिपका. ईरा तिला लिहितेय. माझ्या फोटोखाली अक्षरं उमटतायत, घरी येतेय आई, आता कायमची, तुझ्या फोनमध्येच राहीन, कधीही हाक मार —

आईचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलाय. खोलीत घुमला सगळा. ये माझी बाय, म्हणते, ये गं माझी सोनी —

सोनी. मला ती जन्मात कधी सोनी म्हणा