हिरव्या चौकोनातलं घर

प्रिय दादा,

काल फोनवर तू वहिनीला हाक मारून सांगत होतास, "ऐकलंस का, आपल्या नकाशाबाई घाबरल्यात." मागे तिचं हसणंही ऐकू आलं. राग नाही आला. पण फोनवर माझं बोलणं तू हसण्यावारी नेतोस आणि कागदावरचं मात्र नीट वाचतोस, म्हणून लिहायला बसले.

देशभरातल्या जमिनीचा आमचा नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला. साहेबांनी मला व्यासपीठावर बोलावलं, तो फोटो तुम्ही पाहिलाच. कुणाला घर बांधायचंय, रस्ता करायचाय, कारखाना काढायचाय, त्याला पायाखालची जमीन कशी आहे ते घरबसल्या कळावं, याच ओढीने मी ही नोकरी धरली. बाबांनी आपल्या गल्लीचा तुकडा मोठा छापून, चौकट करून दारात लावला. हिरवा म्हणजे पक्की जमीन. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ठेवून दाखवतात, "पोरीने केलाय. खोटा कसा असेल?" तो बघून शेजारच्या काकांनी वरचा मजला काढला, समोरच्या मावशींनी विटा उतरवल्या, आणि येत्या रविवारी आपला स्लॅब.

दादा, नकाशा खोटा नाही. पण तो चौकोनांचा आहे. एका चौकोनात चार-पाच गल्ल्या मावतात आणि त्यांची सरासरी काढून एकच रंग भरतात. बाकीच्या गल्ल्या खडकावर आहेत. आपली तेवढी जुनी खाण बुजवून केलेल्या भरावावर. खडकाच्या पुण्याईवर आपणही हिरवे झालो.

चौकोनाच्या आत डोकावायची सोय माझ्या टेबलावर आहे. उपग्रहाच्या रडारला पत्रा चांगला दिसतो. तू स्वतः ठोकलेला मागच्या खोलीचा पत्रा मला पडद्यावर ठिपका होऊन दिसतो. घरची आठवण आली की मी तो उघडून बसायचे. तो खाली सरकताना दिसला तेव्हा आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा मोजलं. तो खचतोच आहे, आणि यंदा जास्त वेगाने. स्वयंपाकघरातली भेग तू दर वर्षी बुजवतोस आणि ती पुन्हा तोंड उघडते, तो दोष प्लास्टरचा नाही रे.

साहेबांना दाखवलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "एका पत्र्यावरून अख्ख्या वस्तीला घाबरवायचं का? तपासणीला पाठवू." पाठवलंही. पथक पुढच्या वर्षी येईल. मग बांधकामाची परवानगी देतात त्या कार्यालयात फोन केला, तर तिथल्या बाईंनी माझाच नकाशा उघडून मला समजावलं, "मॅडम, इथे तर हिरवं आहे." बाबांना म्हटलं, निदान ती चौकट उतरवा. ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं, मला घराची लाज वाटायला लागली.

आणि तुझ्याशी तर बोलायची सोयच नाही. मागच्या खोलीच्या वर तू माझ्यासाठीच खोली बांधतोयस. "ओट्याखाली बसून शिकलीस, आता खिडकीपाशी टेबल मांड," म्हणतोस.

तुझं मन वळवायला हे पत्र लिहीत नाहीये. गल्लीभर बांधकामं चालू असताना तू एकटा हात आवरणार नाहीस, कळतं मला. स्लॅबसाठी पत्रा काढलात की मला इथून काही दिसणारही नाही. लिहितेय ते एवढ्यासाठी की मी मोठी रजा टाकली आहे. शनिवारी पोचते. वरचं काम होवो न होवो, माझं अंथरूण मागच्या खोलीत, आईच्या शेजारी घाला. कितीही सांगितलं तरी ती तिथून हलायची नाही, आणि तिला तिथे ठेवून इथे खुर्चीत बसून नुसतं बघत राहणं मला आता जमत नाही.

तुझीच,
धाकटी